सदुसष्ट आणि बहात्तर : हिल यांच्या एका भाषणाचे रसग्रहण

बंदिशीत जागा असतात, कवितेत असतात. आकडेवारीच्या भाषणात त्या कुठून येणार, असे बहुतेक रसिक गृहीत धरतात. त्यांनी १४ जानेवारी १९६५ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये झालेले एक अध्यक्षीय भाषण वाचून पाहावे. छापील पाने जेमतेम सहा. प्रश्न जुनाच आहे. माणसाच्या भोवतालची एखादी गोष्ट आणि त्याला होणारा एखादा आजार वारंवार जोडीने दिसतात. मग पहिली गोष्ट दुसरीचे कारण आहे असे कधी म्हणावे, आणि कावळा बसायला अन् फांदी तुटायला एकच गाठ पडली असे म्हणून कधी सोडून द्यावे? सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी हा प्रश्न ज्या नजाकतीने हाताळला, ती समजून घ्यायची तर भाषण सावकाश, अंगाअंगाने वाचायला हवे.

वक्त्याची थोडी ओळख हवी, कारण तिचा सूर भाषणात आहे. हिल डॉक्टर नव्हते. व्हायचे होते, पण पहिल्या महायुद्धात क्षय झाला आणि काही वर्षे अंथरुणात गेली. पडल्या पडल्या त्यांनी लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे संख्याशास्त्राच्या वाटेने वैद्यकात शिरले. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ साली प्रसिद्ध झालेली गाजलेली चाचणी त्यांच्याच आराखड्यावर उभी होती. कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे तिथे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक अंकांनी ठरवले होते. १९५० साली रिचर्ड डॉल यांच्यासह त्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. म्हणजे १९६५ साली व्यासपीठावर उभा राहिलेला हा सत्तरीकडे झुकलेला गृहस्थ पुराव्याच्या बाबतीत अत्यंत काटेकोर म्हणून ओळखला जाणारा होता. असा माणूस काटेकोरपणाच्या मर्यादा सांगू लागतो, तेव्हा कान टवकारून ऐकावे.

पहिली जागा आरंभीच आहे. कारण म्हणजे नेमके काय, या तत्त्वचर्चेत शिरण्याची आपली इच्छाही नाही आणि तेवढे कौशल्यही नाही, असे हिल सांगून टाकतात. ही विनम्रता वरवरची आहे. लगेच पुढे ते असा प्रश्न ठेवतात की सगळी तत्त्वचर्चा त्यात मावते. परिस्थितीतली अमुक गोष्ट बदलली, तर तमुक आजाराचे प्रमाण बदलेल का? आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी लावून ठेवली आहे: एक असता दुसरे असणे, आणि एक नसता दुसरे नसणे. हिल यांचा भर या व्यतिरेकावर आहे. जे दिसते आहे ते नुसते नोंदवू नका, हात घातला तर काय होईल ते विचारा. आजार का होतो यापेक्षा तो टाळता येईल का, हा प्रश्न त्यांना मोठा वाटतो. पुढच्या सगळ्या विवेचनाचा षड्ज इथेच लागतो.

मग येतात त्या प्रसिद्ध नऊ बाजू. पहिली संबंधाच्या बळाची. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये वृषणकोशाचा कर्करोग आढळतो हे दाखवले होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातसुद्धा या आजाराने मरण्याचे त्यांचे प्रमाण डांबराशी वा खनिज तेलांशी संबंध न येणाऱ्या कामगारांच्या सुमारे दोनशे पट होते. दोनशे पट हा आकडा स्वतःच बोलतो. म्हणून हिल तिथे रेंगाळत नाहीत. याच बाजूत पुढे ते १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याकडेही वळतात. जॉन स्नो यांच्या नोंदींप्रमाणे साथीच्या पहिल्या आठवड्यांत साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीचे घाण पाणी पिणाऱ्या दर दहा हजार घरांमागे ७१ मृत्यू झाले. दहा हजार घरांत ७१ म्हणजे तसे थोडेच. पण लॅम्बेथ कंपनीचे सांडपाणीविरहित पाणी जिथे जात होते, तिथे हाच आकडा ५ होता. मृत्यू कमी, पण पट चौदा. दोनशेच्या गर्जनेसमोर हा हलका स्वर लावून हिल दाखवून देतात की संबंधाचे बळ मोठ्या आकड्यात नसते, दोन आकड्यांच्या नात्यात असते.

तेच ते धूम्रपानाच्या आकड्यांत अधिक बारकाईने दाखवतात. फुप्फुसाच्या कर्करोगाने दरवर्षी दर हजारी मरणारे न ओढणाऱ्यांत ०.०७, दिवसाला १ ते १४ सिगारेटी ओढणाऱ्यांत ०.५७, १५ ते २४ ओढणाऱ्यांत १.३९, आणि २५ वा त्याहून अधिक ओढणाऱ्यांत २.२७. वजाबाकी केली तर फरक दर हजारी एक-दोन माणसांचा, दुर्लक्ष करावे इतका. भागाकार केला तर आठ पट, वीस पट, बत्तीस पट. कारण शोधायचे असेल तर भागाकार करा, असे हिल म्हणतात. आणि वाचकाने मान डोलावण्याच्या आतच पुस्ती जोडतात की पट मोठी निघाली म्हणून व्यवहारात ती महत्त्वाची ठरतेच असे नाही. तो मुद्दा वेगळा. शिवाय पट लहान निघाली म्हणून संबंध खोटा, असेही नाही. मेंदूज्वराचे जंतू घशात वागवणारे पुष्कळ असतात, आजारी पडणारे मोजके. एका हाताने दिलेला पुरावा दुसऱ्या हाताने मर्यादेत बसवण्याची ही लकब एकदा कळली, की ती भाषणभर दिसू लागते. माझ्या मते या भाषणाचे खरे सौंदर्य तिच्यातच आहे.

दुसरी बाजू सातत्याची: वेगवेगळ्या माणसांना, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी तेच आढळले का? अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या समितीला धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध २९ पूर्वलक्षी आणि ७ पुढे पाहत केलेल्या पाहण्यांत आढळला होता, हे ते नोंदवतात. इथे सामान्य वक्ता थांबला असता. हिल नाणे उलटतात आणि विचारतात, पाहणी पुन्हा करताच येत नसेल तर? उत्तरादाखल येते साउथ वेल्समधल्या निकेल शुद्धीकरण कारखान्याची हकिगत. भाषणातली समेची जागा हीच. इथे ओळीओळीवर थांबावे.

कामगार आणि निवृत्त मिळून माणसे सुमारे हजार. १९२९ ते १९३८ या दहा वर्षांत त्यांपैकी १६ जण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. इंग्लंड-वेल्सच्या त्या वेळच्या दराने १ मृत्यू अपेक्षित होता. नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाने ११ गेले. अपेक्षा एका मृत्यूच्या अंशाएवढीच. कोणाही वाचकाचे डोळे इथे विस्फारतात आणि तो पुढे सरकतो. पण रसिकाने थांबावे ते पुढच्या दोन ओळींवर. शरीराच्या बाकी सगळ्या भागांतले कर्करोग: मृत्यू ११, अपेक्षित दहा-अकरा. इतर सगळ्या कारणांनी झालेले मृत्यू: ६७, अपेक्षित ७२.

या सदुसष्ट आणि बहात्तरमध्ये वरवर पाहता बातमी नाही. सारा खटला मात्र याच जोडीने जिंकला आहे. कोणी म्हणेल, हे कामगार मुळातच अशक्त असतील. मग ते इतर आजारांनीही जास्त मरायला हवे होते. कोणी म्हणेल, त्या भागातले डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर ऊठसूट कर्करोग लिहीत असतील. मग इतर अवयवांचे कर्करोगही फुगायला हवे होते. कोणी म्हणेल, तिथली गरिबी, दारू, हवा. मग एकूण मृत्यूच वाढायला हवे होते. यांपैकी काहीच झालेले नाही. जिथे फरक पडायला नको होता तिथे तो पडलेला नाही, आणि म्हणूनच जिथे पडला आहे तिथे त्याला अर्थ आहे. हिल यातले काहीही उलगडून सांगत नाहीत. आकड्यांच्या चार जोड्या एकापुढे एक ठेवतात आणि गप्प बसतात. एवढा संयम असलेला युक्तिवाद क्वचितच वाचायला मिळतो.

त्यावर आणखी दोन नाजूक स्पर्श आहेत. कामांनुसार विभागणी केली तेव्हा हे जादा मृत्यू फक्त रासायनिक प्रक्रियेच्या विभागातल्या माणसांच्या वाट्याला आलेले दिसले. आणि १९२३ साली, या धोक्याची कोणाला चाहूलही नसताना, कारखान्यात काही बदल झाले होते; त्या वर्षानंतर कामाला लागलेल्या एकाही माणसाला नाकाचा कर्करोग झालेला आढळला नाही, फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाणही त्यांच्यात वाढलेले नव्हते. आरंभी मांडलेला व्यतिरेकाचा प्रश्न आठवा: बदलले तर बदलेल का? इथे कोणीही प्रयोग न करता तो प्रयोग आपसूक घडून गेला आहे. नेमका कोणता पदार्थ घातक हे सापडलेले नाही, प्राण्यांवरच्या प्रयोगांनी अलीकडेपर्यंत काडीचाही आधार दिलेला नाही, हे सगळे हिल स्वतःच कबूल करतात आणि मग श्रोत्यांना विचारतात: तरीही तुमच्यापैकी कोणी कचरेल का? निवाडा त्यांनी दिलेला नाही. तो आपल्याच तोंडून वदवून घेतला आहे.

तिसरी बाजू विशिष्टतेची. निकेलच्या गोष्टीत तिची चव आपण घेतलीच: ठरावीक विभागातली माणसे, ठरावीक अवयव. पण ती सापडली नाही म्हणून हातपाय गाळू नयेत, हे सांगायला हिल दुधाचे उदाहरण घेतात. एकच दूध क्षय, विषमज्वर, घटसर्प, आमांश असे नाना आजार पसरवू शकते. एका कारणाला एकच कार्य हवे असा हट्ट धरला असता, तर दूध निर्दोष सुटले असते. चौथी बाजू काळाच्या क्रमाची: आधी काय आणि मागून काय? सोपा वाटणारा हा मुद्दा ते चटकन अडचणीत नेतात. अमुक आहाराने आजार होतो, की आजाराच्या सुरुवातीच्या खुणा माणसाला त्या आहाराकडे वळवतात? अमुक धंद्यामुळे क्षय जडतो, की क्षयाकडे झुकलेली माणसेच तो धंदा निवडतात? क्षयामुळे ज्याच्या आयुष्याची वाट वळली, त्याने हे उदाहरण निवडावे आणि स्वतःचा मात्र शब्दानेही उल्लेख करू नये, यात एक घरंदाज अदब आहे.

मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, ही पाचवी बाजू. ओढलेल्या सिगारेटींचे आकडे वर आलेच आहेत, ०.०७ पासून २.२७ पर्यंत पायऱ्या एकामागून एक चढत जातात. रेंगाळायला लावते ती सहावी बाजू, जैविक शक्यतेची. ज्ञात जीवशास्त्रात हे बसते का, असे विचारणे रास्त. पण काय बसते ते त्या त्या काळाच्या ज्ञानावर ठरते, म्हणून याचा आग्रह धरता येत नाही, असे हिल म्हणतात. आणि पुरावा म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या एका बक्षीसपात्र निबंधाकडे बोट दाखवतात. संख्याशास्त्रातून किती हास्यास्पद निष्कर्ष निघू शकतात, हे पटवताना निबंधकाराने कल्पनेने एक नमुना रचला होता. स्थलांतरितांच्या जहाजात तळाच्या वर्गात रात्र काढलेल्या माणसाला टायफस झाला आणि त्याने त्याचे खापर आजाऱ्यांच्या अंगावरच्या किडींवर फोडले, तर ते किती विनोदी ठरेल! पुढे १९०९ साली शार्ल निकोल यांनी दाखवून दिले की टायफस पसरवते ती अंगावरची ऊच. हिल यांनी या निबंधकाराची टवाळी केलेली नाही, त्याचे नावही घेतलेले नाही. नुसता दाखला दिला आणि हसण्याचे काम काळावर सोपवले. उपहासाची याहून सभ्य तऱ्हा मला माहीत नाही.

सातव्या, सुसंगतीच्या, बाजूत पुन्हा स्नो येतात. ज्याच्या पाण्यातून कॉलरा पसरला त्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशेजारच्या बाळाचे लंगोट, खुद्द ती विहीर, आणि ब्राइटनहून आलेला एक नाजूक प्रकृतीचा गृहस्थ. हा गृहस्थ आजारी भावाला पाहायला आला, भाऊ आधीच गेला होता, तो जेमतेम वीस मिनिटे त्या घरात थांबला, घाईने दोन घास खाताना त्या पंपाचे पाणी घातलेली ब्रँडी प्यायला आणि कॉलऱ्याने मेला. हिल म्हणतात, रॉबर्ट कॉख त्या वेळी हजर असते आणि त्यांनी या तिन्ही ठिकाणांहून जंतू वेगळा काढून दाखवला असता, तर वादच मिटला असता. कॉख यायला आणखी तीस वर्षे लागली. पण तेवढ्याने स्नो यांची बाजू लंगडी पडली नाही, फक्त पटवणे अवघड झाले. तीन तपशिलांच्या त्या एका वाक्यात स्नो यांचे कॉलऱ्यावरचे अख्खे पुस्तक कोंबलेले आहे. ज्याने ते वाचले आहे त्याला गालात हसू येते, ज्याने वाचलेले नाही त्याचे काही अडत नाही. आठवी बाजू प्रयोगाची आणि नववी सादृश्याची, या दोन्ही हिल झटपट उरकतात. धूळ कमी केली, वंगण बदलले, माणसांनी सिगारेट सोडली, तर आजार घटतो का? सर्वांत भक्कम आधार इथेच मिळू शकतो, एवढे म्हणून ते मोकळे होतात. बोलण्यासारखे असेल तिथेच बोलायचे, हाही संयमच.

नऊ बाजू संपल्यावर कलाटणी येते. यांतली कोणतीही एक बाजू निर्विवाद पुरावा देत नाही, आणि कोणतीही एक असलीच पाहिजे असा आग्रह धरता येत नाही, असे हिल स्पष्ट सांगतात. मग या सगळ्यांचा उपयोग काय? समोरच्या गोष्टींचा उलगडा दुसऱ्या एखाद्या मार्गाने तितकाच किंवा अधिक चांगला होतो का, हे ठरवायला त्या मदत करतात. बस, एवढेच. पुढच्या पिढ्यांनी या नऊ बाजूंची यादी केली, पाठ्यपुस्तकांत चौकट आखून छापली आणि परीक्षेत खुणा करायला लावल्या. मूळ भाषण वाचणाऱ्याला हे पाहून गंमत वाटते. यादीवर खूण करणारा फक्त हजेरी घेतो. हिल प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी घेतात, आपल्या बाजूच्या साक्षीदाराची तर जास्तच.

आणि आता, ज्याची कोणी अपेक्षा केली नसेल, अशी जागा. संख्याशास्त्राचा हा आचार्य सार्थकतेच्या चाचण्यांवरच घसरतो. हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असेल का, एवढेच या चाचण्या सांगू शकतात. त्यापलीकडे कारण सिद्ध करण्यात त्यांचा वाटा शून्य. आपल्या म्हणण्याला ते जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या कामाचा दाखला देतात. लँकेशरच्या सूतगिरण्यांत कच्चा कापूस साफ करणाऱ्या यंत्रांवरचे, आपल्या गिरणगावच्या बोलीत कार्डिंग खात्यातले, कामगार त्याच गिरणीतल्या इतरांपेक्षा जास्त आजारी पडतात का? तिशी ते साठी या वयांत श्वसनाच्या आजारांचे प्रमाण त्यांच्यात तिपटीहून जास्त निघाले. इतर आजारांत काही फरक नाही. पुन्हा तीच सही: जिथे फरक नको, तिथे तो नाही. बायका आणि पुरुष वेगळे, अर्धा डझन वयोगट, एकूण ३६ तक्ते. आणि या ३६ तक्त्यांत सार्थकतेची चाचणी लावण्याची गरज आपल्याला एकदाही वाटली नव्हती, असे ते मिश्कीलपणे सांगतात. ज्याने हे हत्यार वैद्यकाच्या हाती दिले, त्यानेच ते कधी म्यान करावे हेही शिकवले. राग पूर्ण पचलेला गवैयाच एखादा स्वर सोडून देऊ शकतो.

शेवटचा भाग कृतीचा. पुरावा किती झाला म्हणजे पुरे? हिल यांचे उत्तर: काय करायचे आहे, त्यावर ते ठरते. गरोदर बायांना सकाळच्या मळमळीवर दिले जाणारे एखादे औषध आवरायचे असेल, तर थोडासा पुरावाही चालेल. आपण चुकलो तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. गर्भाला अपंग करणाऱ्या थॅलिडोमाइड या अशाच औषधाची आठवण तेव्हा ताजी होती. इथे तिचे नाव घेण्याचीही गरज नव्हती. कारखान्यातले बहुधा कर्करोगकारक असलेले तेल बदलायचे, तर बऱ्यापैकी पुरावा हवा. पण लोकांना नावडते इंधन घरात जाळायला लावायचे, किंवा आवडती सिगारेट, साखर आणि तुपकट खाणे सोडायला लावायचे, तर फार भक्कम पुरावा लागेल. चढत्या तीन पायऱ्या, आणि तिसरीवर खट्याळ मेख: सगळ्यात जास्त पुरावा लागतो तो माणसाच्या आवडीनिवडीला धक्का लावताना. सिगारेटविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा गोळा करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या तोंडी हे वाक्य यावे, यात विनोद आहे आणि थोडी थकव्याची छटाही.

तरीही सूर निराशेचा नाही. सगळेच शास्त्रीय काम अपुरे असते, उद्याच्या ज्ञानाने उलटण्याची शक्यता कायमच असते, हे हिल मान्य करतात. पण म्हणून हाती असलेल्या ज्ञानाकडे पाठ फिरवण्याची किंवा कृती लांबणीवर टाकण्याची मुभा त्यांना मान्य नाही. जग आज रात्रीच संपले तर, या ब्राउनिंगच्या कवितेतल्या शंकेला त्यांचे उत्तर असे की असेल तसे, पण उपलब्ध पुराव्यावरून आपल्यापैकी बहुतेक जण उद्या सकाळची साडेआठची गाडी पकडायच्या तयारीने झोपतात. मुंबईच्या वाचकाला या गाडीची टीप द्यायला नको. एवढे वजनदार विवेचन हिल यांनी वेळापत्रकावर आणून टेकवले, कारण कार्यकारणाचा निवाडा त्यांच्या लेखी अखेर व्यवहाराचा निवाडा होता: पूर्ण खात्री कधीच मिळत नाही, तरी ठरवावे लागते, आणि ठरवण्याआधी आपल्याच पुराव्याची उलटी बाजू पाहावी लागते. अमुक खाल्ल्याने तमुक होते असे छातीठोक सांगणारा मथळा आज दर दिवशी समोर येतो. त्याला विचारायचा प्रश्न हिल यांनी तयार करून ठेवला आहे: तुझे सोळा आणि एक मी पाहिले, आता सदुसष्ट आणि बहात्तर कुठे आहेत ते दाखव.